तुझ्या जागेवर प्रज्ञा

अक्का, तुझ्या पुण्यानुमोदनाचा मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसातला माणूस पोलीस लाईनीत आला. तुझ्या खोलीच्या दारात चपला काढून उभा राहिला, दाजींना नमस्कार केला आणि म्हणाला, नोकरीत असताना कर्मचारी वारला तर घरातल्या एकाला अनुकंपावर घेतात. अर्ज लवकर द्या, पोरगी शिकलेली आहे, काम होऊन जाईल. माणूस भला होता, चहा घेऊन गेला. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. तुला नाईकची फीत लावायला ज्या खात्यानं वर्षानुवर्षं घालवली, ते तुझी जागा भरायला इतकी घाई करेल असं आपल्या दोघींपैकी कुणाला वाटलं होतं का?

लाईनीच्या फलकावर तुझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ. मनमिळाऊ वाचून मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, कोण, अक्का? शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग आम्ही सगळ्याच रडलो. तुझं भरतीचं साल, बक्षिसं, शिक्षा हे सगळं सर्व्हिस शीटमध्ये आहे. ते मी लिहीत नाही.

मी लिहायला बसले ते आपला वाद अर्धा राहिला म्हणून. तुझ्या प्रज्ञाला पोलिसात घालायचं की नाही, हा तो वाद. पोरगी शाळेत होती तेव्हापासून आपण तो घालत आलो. मी म्हणायचे घालायचं, तू म्हणायचीस, मेलो तरी न्हाय. आता तू मेलीस, आणि तुझ्या मरण्यामुळंच तिला ती नोकरी मिळते आहे. दाजींची मिल बंद पडलेली. लाईनीतली खोली काही महिन्यांत सोडावी लागणार. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ती रोज संध्याकाळी माझ्या दारातल्या कट्ट्यावर येऊन बसायची आणि एकच विचारायची, "मावशी, आई काय म्हणाली असती?" मला अर्धंच उत्तर ठाऊक आहे.

आपली ओळखच भांडणानं झाली. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी बरॅकीत खिडकीजवळची कॉट धरून बसले होते. तू आलीस, ट्रंक आपटलीस आणि म्हणालीस, "पावणं, ही जागा माजी हाय."

मी म्हटलं, "नाव लिवलंय काय?"

"न्हाय, पन लिवतो की आता," म्हणून तू खरोखर खडूचा तुकडा काढलास आणि भिंतीवर 'शालन' असं लिहिलंस. मी राधानगरीकडची. आमच्याकडं एवढ्या मोठ्यानं फक्त पावसात बोलतात, ऐकू यावं म्हणून. तू पार नेसरीकडची, निम्मे शब्द कानडीला लागून आलेले. मी कॉट सोडली नाही, मग तू शेजारची घेतलीस आणि हुकूम सोडलास, "मला अक्का म्हन. लेकुरवाळी हाय मी, तुज्यापरास थोरली."

प्रज्ञा तेव्हा अंगावर पिणारी होती. तिला सासूजवळ ठेवून तू आली होतीस. सकाळच्या कवायतीत तुझ्या छातीवर ओल यायची आणि तू सावधानमध्ये ताठ उभी असायचीस. उस्ताद करड्या मिशांचा माणूस, बायकांना पहिल्यांदाच शिकवत होता. त्याला कुठं बघावं कळायचं नाही. एकदा त्यानं लांब आंब्याच्या झाडाकडं बघत तुला म्हटलं, "बसा जरा बाई." तू बसली नाहीस. पण कवायत सुटल्यावर न्हाणीघरात भिंतीला डोकं लावून जी रडलीस, ते मी बाहेर बादली घेऊन उभी राहून ऐकलं. तेव्हापासून मी तुला अक्का म्हणायला लागले, हे तुला कधी सांगितलं नाही.

जिल्ह्यात बायका पोलीस तेव्हा हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. ठाण्यात गेल्यावर आपलं नावच गेलं. बिनतारीवर हाक यायची, "एक लेडीज पाठवा." बाई आरोपी असली की लेडीज, विहिरीतून बाईचं प्रेत काढलं की लेडीज, मोर्चाला बायका आल्या की लेडीज. या ठाण्याची लेडीज त्या ठाण्यात, तिथून तिसऱ्या. तू एकदा ठाणे अंमलदाराला सगळ्यांसमोर विचारलंस, "सायेब, मी मानूस हाय का भाड्याची सायकल?" ते हसले, आणि तुला संध्याकाळच्या आत आणखी दोन ठिकाणी पाठवलं.

शिपाई, नाईक, हवालदार, जमादार ही आपली शिडी. साहेब लोकांची शिडी वेगळी, ती दुसऱ्याच भिंतीला लावलेली. हे मला माझ्या आजोबांमुळं लहानपणीच ठाऊक होतं. ते संस्थानी पोलिसात होते. संस्थान विलीन झालं, तेव्हा त्यांना नवीन सरकारचा नवीन बिल्ला मिळाला. जुना त्यांनी परत केला आणि चार दिवस जेवले नाहीत, असं घरी सांगायचे. त्यांचा फोटो मी लाईनीतल्या खोलीत लावला होता, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायाला पट्ट्या, मिशा गालांवर. तू बघून म्हणालीस, "निम्मी फौज ह्या मिशाच हुत्या म्हन की."

मी फणकाऱ्यानं म्हणाले, "आमच्या घरात पोलीसकी तीन पिढ्यांची हाय."

तू भाकरी मोडत होतीस. मोडता मोडता म्हणालीस, "मग आमच्या घरात किती म्हनायची? माजा आजा येसकर. गावची येस त्यो राखायचा. आलं कोन, गेलं कोन, चोर कुटनं शिरला, समदं त्यालाच इचारायचं. सरकारी मानूस गावात आला तर फुडं काठी घिऊन त्योच पळायचा. तुज्या आज्याच्या आदी पोलीस आमी हुतो, सुमे. पगार तेवढा न्हवता. भाकरी मागून आनायची."

इतिहासात पोलीस दल कधी, कुणी उभं केलं, हे ट्रेनिंगला आपण दोघींनी पाठ केलं होतं. त्यात तुझा आजा कुठंच नव्हता. तू मात्र अगदी रोजचं बोलल्यासारखं बोललीस आणि माझ्या ताटातली चटणी उचललीस. पुढं तूच सांगितलंस की दीक्षा घेतल्यावर तुझ्या वडिलांनी, आबांनी, ती काठी चुलीत घातली. हे काम पुन्हा करायचं नाही, अशी सगळ्या वस्तीनं शपथ घेतली. आणि तू भरती होऊन पहिल्यांदा खाकी साडीत गावी गेलीस, तेव्हा आबांनी तुझ्या हातातल्या लाठीकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आमी टाकली ती तू उचललीस व्हय गं?" तू काय उत्तर दिलंस ते मला कधी सांगितलं नाहीस.

सगळंच काही दुःखाचं नव्हतं, अक्का. नृसिंहवाडीच्या जत्रेचा बंदोबस्त आठवतो? तू बायकांच्या रांगेला उभी. एक ठसठशीत बाई मध्येच घुसायला लागली आणि तू अडवलंस तर म्हणाली, तुम्हाला देवाधर्माचं काही आहे का नाही? तू म्हणालीस, "देव मी मानत न्हाय बाई, पन रांग मानतो. मागं व्हा." रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत तू दोन्ही हातांनी बासुंदीचा डबा धरून बसली होतीस, कुणीतरी पुजाऱ्याच्या घरनं खास तुझ्यासाठी दिलेला. मी म्हटलं, देव मानत नाहीस आणि बासुंदी? "बासुंदी म्हशीची हाय, देवाची न्हाय," म्हणालीस.

आणि पँटचा हुकूम आला तो दिवस. साड्या नेसून आपण मोर्चात पळायचो, निऱ्या पायात यायच्या, तरी हुकूम आल्यावर सगळ्या जणी गप्प. सासरे काय म्हणतील म्हणून मी तर शिंप्याकडं जायलाच तयार नव्हते. तू पहिली घालून आलीस आणि लाईनीच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्या दारांतून बायका बघत असताना, सावकाश चालत गेलीस. माझ्या दारात थांबून म्हणालीस, "बगा गं, दोन पाय हायत मला. एवढी वर्सं कुनाला म्हाईतच न्हवतं." त्या दिवशी मी शिंप्याकडं गेले. आज मी जी ताठ चालते ती तुझ्या मागनं चालायला शिकलेली आहे, हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं.

आता त्या कोर्टाच्या दुपारचं लिहिते, कारण आपला वाद तिथं सुरू झाला.

दागिन्याच्या चोरीत धरलेली बाई होती, पदराखाली तान्हं मूल. तिला सबजेलमधून तारखेला आणण्याची ड्युटी तुझी आणि एका हवालदाराची. हवालदार चहाला गेलेले. मी दुसऱ्या कोर्टात साक्षीदार घेऊन आले होते. व्हरांड्यात बघते तर तू एकटी बाकावर, खांद्यावर मूल.

"बाई कुठंय?"

"गेली."

"गेली म्हंजे?"

"संडासला म्हनून गेली, मागच्या भितीवरनं उतरली. बगितलं की मी."

"अगं मग शिट्टी मार! वरड!"

"हळू बोल. पोरगं आत्ता निजलंय."

आरोपी पळाला तर नोकरी जाते, हे ट्रेनिंगला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तू माझा हात ओढून मला खाली बसवलंस. म्हणालीस, "सकाळपास्नं गाडीत एकच म्हनत हुती. थोरली पोर एसटी स्टँडवर हाय, भनीनं गाडीत घातली का न्हाय कळंना. कुनी ऐकून घेतलं न्हाय तिचं. बगून येती. जातीय कुटं? हे हितं हाय न्हवं?" आणि त्या मुलाच्या पाठीवर थोपटत राहिलीस. मी घाम पुसत फाटकाकडं बघत बसले. इतकी वेडी बाई मी जन्मात बघितली नव्हती.

ती आली. भिंतीवरनं नाही, समोरच्या फाटकातनं, धापा टाकत, निऱ्या सुटलेल्या. तुझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "गेली गाडीत." तू मूल तिच्या हातात दिलंस. "घे. वल्लं केलंय मला," एवढंच म्हणालीस आणि तिला आत घेऊन गेलीस.

कुणाला काही कळलं नव्हतं. हवालदारही त्यानंतर आले. मी तुला शपथ घातली, गप्प राहा. तू ठाण्यात गेलीस, साहेबांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आरोपी पळाला हुता. परत आला." तू बाहेर आल्यावर मी तुला गदागदा हलवलं, का सांगितलंस म्हणून. तू म्हणालीस, "उद्या तिला दुसरी कोन घिऊन येईल. तिला ठावं नको, ही बाई भितीवरनं जाती म्हनून?"

मग चौकशी लागली. साहेबांनी विचारलं, शिट्टी का वाजवली नाही? तू म्हणालीस, "पोरगं उठलं असतं सायेब." लिहून घेणाऱ्या कारकुनानं ओठ चावला म्हणे. तुझी वेतनवाढ थांबली, नाव बढतीच्या यादीतून मागं पडलं. आणि ते वाक्य अख्ख्या जिल्ह्यात फिरलं. कुणी काम टाळलं की दुसरा म्हणायचा, काय करणार, पोरगं उठलं असतं. लाईनीतली मुलंही खेळताना म्हणायची. प्रज्ञा शाळेत जायला लागली होती, तिच्या कानावर तेच पडायचं.

मी तुझ्याशी कितीतरी दिवस भांडले. पोलिसाचं काम पकडायचं, मी म्हणायचे. "आनि राखायचं कुनाचं?" तू म्हणायचीस. "माजा आजा कुनाला पकडत न्हवता. गाव राखायचा. शिट्टी वाजवली असती तर ती घाबरून खरंच पळाली असती. मग एक चोर, एक पोलीस आनि एक पोरकं पोर, एवढंच उरलं असतं." मी म्हणायचे, तुझी स्वतःची पोर होती ना? तिचा विचार केलास? कोर्टाच्या त्या दिवशीही प्रज्ञा शाळा सुटल्यावर माझ्या दारात, माझ्या सासूच्या शेजारी बसून होती, नेहमीसारखी.

मग एका संध्याकाळी तू म्हणालीस, "सुमे, परक्याची पोरं मी खांद्यावर घेतो आनि माजी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. माज्या आज्याचं असंच हुतं. राखायचं त्यानं, नाव पाटलाचं. माजी पोरगी ह्यात न्हाय येनार." मी म्हटलं, तू जे केलंस ते करणारी माणसं खात्यात नकोत काय? "नकोतच की. खात्यानंच लिवून दिलंय," म्हणालीस आणि हसलीस. ते हसू मला अजून टोचतं.

तो वाद आपण कधी भाजी निवडताना घातला, कधी गणपतीच्या बंदोबस्तावर दोरखंड धरून घातला. पुढं मी हवालदार झाले, तू तेव्हा कुठं नाईक झालीस. पेढे वाटताना तू मला सलाम ठोकलास आणि वर डोळा मारलास. माझ्या मनात खोल कुठंतरी होतं, की प्रज्ञा साहेबांच्या शिडीनं वर जाईल, परीक्षा देऊन, आणि मग तुला कळेल. तू म्हणायचीस, "ती वकील हुईल. कलेक्टर हुईल. हवं तर भाजी इकंल. खाकी न्हाय."

बंदोबस्तावर पाणी प्यायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच बंदोबस्तानंतर आपणच शिकलो. गडीमाणसं कुठल्याही भिंतीआड जातात. आपण कुठं जाणार? सकाळपासून घोटभर पाणी नाही, उन्हात उभं, तहान मरावी म्हणून तोंडात लवंग. तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, बीपी असेल, साखर असेल, कारणं पुष्कळ असतात. डॉक्टरांचंही खरं असेल. पण मला तुझ्या तोंडातल्या लवंगेचाच वास येत राहिला, आणि घरी जाऊन मी तांब्याभर पाणी प्याले आणि भांडं भिंतीवर आपटलं.

शेवटी बोललीस ती दवाखान्यात, दुपारी. मी ड्युटीवरून आले होते. तू माझी टोपी मागून घेतलीस, तिच्यावरची धूळ बोटानं पुसलीस. मग म्हणालीस, "सुमे, प्रज्ञाचा मी लई इचार केला." मी खुर्ची जवळ ओढली. "माजं म्हननं असं हाय," तू म्हणालीस, आणि तेवढ्यात डायलिसिसला न्यायला माणसं आली. स्ट्रेचर हलवताना तू मला हात केलास, "येतो. आल्याव बोलू." तू आलीस, पण शुद्धीवर नव्हतीस. त्यानंतर बोलली नाहीस.

तुला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. त्रिसरण, पंचशील झालं. साहेब वर्दीत आले, फुलांचं चक्र ठेवलं, एक पाऊल मागं घेतलं आणि कडक सलाम केला. आम्ही सगळ्या जणींनी केला. आबा काठी टेकत उभे होते. ही त्यांच्या म्हातारपणाची, साधी बांबूची. ते साहेबांच्या हाताकडं बघत राहिले. सगळं आटपल्यावर मी त्यांना पाणी दिलं, तेव्हा म्हणाले, "माज्या बानं उभ्या जल्मात जोहार घातला. येनाऱ्याला जोहार, जानाऱ्याला जोहार. आज माज्या लेकीला सायबानं सलाम घातला. बगितलं म्या."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनातली अढी गेली. पण ते पुढं म्हणाले, "पन पडल्याल्या मानसाला सलाम घालाय काय जातंय, पोरी? नातीला ह्यात न्हाय घालायचं." मी भांडं घेऊन आत गेले.

मग एकीकडं आबा, एकीकडं ऑफिसातला माणूस, मध्ये दाजी गप्प, आणि कट्ट्यावर तुझी पोरगी. एका रविवारी तिनं तो प्रश्न विचारलाच नाही. वेगळंच विचारलं. "मावशी, पोरगं उठलं असतं म्हणजे काय गं? लाईनीतली पोरं मला चिडवायची. आईनं काहीतरी हसं करून घेतलं एवढंच माहीत आहे. मी तिला कधी विचारलं नाही. लाज वाटायची."

मी सगळं सांगितलं. व्हरांडा, बाक, भिंत, ती बाई, तिची थोरली. प्रज्ञा नखानं कट्ट्याचं सिमेंट खरवडत ऐकत होती.

"ती परत आली नसती तर?"

"तर तुझ्या आईची नोकरी गेली असती."

"आणि आईला ते माहीत होतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

तिनं नखातली सिमेंटची भुकटी झटकली. मग म्हणाली, "आई काय म्हणाली असती ते आता विचारत न्हाय मी. अर्ज लिहू या."

अक्का, मी हरखले नाही. खरं सांगते. इतकी वर्षं जे माझ्या तोंडात होतं तेच ती म्हणाली, आणि मी तिला अडवायला लागले. तुझी सगळी वाक्यं मीच बोलायला लागले. लेडीज म्हणून कसं फिरवतात ते सांगितलं. पाण्याचं सांगितलं. वेतनवाढीचं सांगितलं. आबा काय म्हणाले ते तसंच्या तसं सांगितलं. खोलीसाठी, पगारासाठी घेत असशील तर नको, म्हटलं, माझं घर आहे, तू शीक.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तुझ्यासारखी मध्ये बोलत नाही ती. मग म्हणाली, "पगार लागणारच आहे मावशी, खोटं कशाला बोलू? पण आजोबांना मी सांगते. त्यांच्या बापाच्या हातात ती काठी गावानं दिली हुती. आजोबांनी टाकली ती आपल्या मनानं. मी घेणार ती बी माझ्या मनानं. टाकावी वाटली तर टाकीन की."

तिनं खरंच नेसरीला जाऊन आबांना सांगितलं. ते दिवसभर बोलले नाहीत. एसटीत बसवून देताना खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं, "पळाय येतंय का गं तुला?"

पळायला तिला फारसं येत नाही. म्हणून सकाळी मी तिला पोलीस ग्राउंडवर घेऊन जाते. पहिल्या चकरेत ती माझ्याबरोबर असते, मग पुढं जाते. मी कडेच्या पायरीवर बसते. लांबून ती पळताना बघते, हात छातीशी आवळून, तुझ्यासारखीच थोडी डावीकडं झुकून. आणि मी तुझ्याशी भांडत राहते. तू नकोच म्हणणार होतीस, नाही का? की इतका विचार करून तुझं मन वळलं होतं? टोपी का पुसलीस? दोन्ही बाजू मीच मांडते, तुझी तुझ्या आवाजात, माझी माझ्या. कधी तू जिंकतेस, कधी मी. तेवढ्यात प्रज्ञा घामानं भिजून समोर येऊन उभी राहते आणि विचारते, "बरं पळाले का, मावशी?" मी म्हणते, आणखी एक चक्कर मार. ती जाते आणि मला रडायला सवड मिळते.

खडूनं भिंतीवर नाव लिहिलंस त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक भांडणात शेवटचं बोलणं तुझं असायचं. मला त्याचा केवढा राग यायचा. या एका भांडणात ते तू माझ्यावर टाकून गेलीस, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही, अक्का.